सरदारांच्या वंशावळी झाल्या, आता गिरणीतल्या आत्याआजीचंही लिहू या



गेली काही वर्षं आपण सगळे आपापल्या घराण्यांच्या आठवणी लिहितोय. वाचायला छान वाटतं. कुणाचे पणजोबा होळकरांच्या पागेचे अधिकारी, कुणाचे फडणीस, कुणाचे राजवाड्यातले पुराणिक. ग्वाल्हेरकडची मंडळी शिंद्यांच्या सरदारांची, बडोद्याची मंडळी गायकवाडांच्या दरकदारांची. मला कुणावर संशय घ्यायचा नाही. पण सदतीस वर्षं बँकेत दोन्ही बाजू जुळवत बसलेला माणूस मी, हिशेब डोक्यात येतोच. सगळेच पागेचे अधिकारी, तर घोड्याला खरारा कोण करत होतं? सगळेच पंगतीला, तर चुलीपुढे कोण बसलं होतं?

आमचे आजोबा गिरणी कामगार होते. १९२० च्या आसपास खानदेशातल्या एका खेड्यातून भुसावळमार्गे खंडव्याला आले, तिथे मोठी गाडी सोडून मीटर गेजच्या छोट्या गाडीत बसले, आणि कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढून इंदूरला उतरले. हातात सनद नव्हती, एक वळकटी होती. इंदुरातली निम्मी नाही तरी बरीच मराठी घरं अशीच आलेली आहेत, असं माझं मत आहे. कुणी गिरणीत, कुणी रेल्वेत, कुणी छापखान्यात, कुणी वाड्यावर स्वयंपाकाला. आज आपण त्यांची नातवंडं-पतवंडं सुदामानगरात नाहीतर लोकमान्य नगरात पक्क्या घरात राहतो, आणि लिहायला बसलो की एकदम मल्हाररावांपर्यंत उडी मारतो. मधली दोन पिढ्यांची चाळ आपण गाळतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कष्टकरी पूर्वजाचं घर कागदावर सापडणं आपल्या देशात फार अवघड आहे. त्याला थोडं सरकारचं धोरण कारण आहे आणि थोडा आपला संकोच. सरकारकडे मागणी करावी लागेल, ती मी खाली मांडतो. संकोच मात्र आपला आपणच सोडायचा आहे.

विलायतेत काय होतं

माझी नात सध्या इंग्लंडात, लेस्टरला असते. तिच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांनी आपल्या खापरपणजोबांचं सगळं घर शोधून काढलं. खापरपणजोबा कोळशाच्या खाणीत मजूर. राजा नाही, लॉर्ड नाही. ते सगळं मिळालं जनगणनेच्या कागदांतून. नातीनं मला विचारलं, "आबा, आपल्याकडे पण सेन्सस होतो ना? मग पणजोबांचं बघा ना!"

तिला उत्तर देण्याआधी मी ती तिकडची पद्धत नीट समजून घेतली. ब्रिटनमध्ये १८४१ पासून घरटी माणसांची नावं लिहिलेले जनगणनेचे कागद ठेवलेले आहेत. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय आणि जन्म कुठल्या गावचा, हेही आहे. १९११ चा कागद तर घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं भरलेला, तसाच्या तसा जपला आहे. त्यात विवाहित बाईबद्दल विचारलंय की लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, गेली किती. विचार करा, एखाद्या खाणमजुरानं आपल्या ओबडधोबड अक्षरात "झाली नऊ, गेली चार" असं लिहिलेलं त्याच्या पणतूला आज वाचायला मिळतं. एका ओळीत सगळा संसार कळतो.

नियम असा की शंभर वर्षं तो कागद बंद. शंभर वर्षं झाली की सगळ्यांना खुला. १९२१ चा कागद जानेवारी २०२२ मध्ये खुला झाला. अमेरिकेत हीच मुदत बहात्तर वर्षांची आहे. तिथे १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला उघडली.

त्या कागदांतही सगळं खरं असतं असं नाही. १८४१ मध्ये मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. बायकांच्या नावापुढचा धंद्याचा रकाना तर पुष्कळदा कोराच, मग ती बाई दिवसभर लोकांचे कपडे धूत असो की शिवत असो. म्हणजे कष्टकरी बाईला कोरा रकाना देण्यात गोरे आणि आपण सारखेच. पण निदान तिचं नाव त्या घरात, त्या पत्त्यावर, त्या वर्षी आहे. आपल्याकडे तेही नाही.

आपल्याकडे काय झालं

आपल्याकडे १९३१ ची जनगणना २६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री झाली. त्याआधी काही आठवडे गणक घरोघर फिरून कच्ची नोंद करून गेले होते, त्या रात्री ती तपासून पक्की केली. होळकर संस्थान, शिंदे संस्थान, बडोदा, निजामाचं हैदराबाद, सगळीकडे ब्रिटिश मुलखाबरोबरच गणना झाली. आमचे आजोबा त्या रात्री परदेशीपुऱ्याकडच्या चाळीत असणार. रात्रपाळीला असतील तर गिरणीत असतील.

त्या वेळचे रकाने बघा. नाव, धर्म, स्त्री की पुरुष, लग्न झालेलं की विधवा-विधुर, वय, जात, कमावता की अवलंबून, धंदा काय, जन्म कुठल्या जिल्ह्यातला, मातृभाषा कोणती, लिहिता-वाचता येतं का. कमावता, काम करणारा अवलंबित आणि नुसता अवलंबित असे तीन भाग त्या वेळी केले होते. एका चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीचा एवढा तपशील सरकारच्या हातात आला होता.

मग त्याचं काय झालं? त्या नोंदी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवल्या, चिठ्ठ्या खणांत टाकून मोजल्या, तक्ते झाले. मध्य भारतातल्या संस्थानांचा जाडजूड इंग्रजी अहवाल सी. एस. वेंकटाचार यांनी लिहिला, तो छापला. घरोघरचे मूळ कागद जतन करायची आपल्याकडे पद्धत नव्हती. इंदुरात मराठी बोलणारे किती, कापूस कातणारे-विणणारे किती, विधवा किती, ते अहवालात मिळतं. त्यात आमचे आजोबा आहेत, पण एक आकडा म्हणून. बेरीज आहे आणि जमेच्या पावत्या फाडून टाकल्यात, अशी गत. बँकेत कुणी असं केलं असतं तर ऑडिटरनं आमची सालटी काढली असती.

गंमत म्हणजे इंग्लंडातलेही १९३१ चे कागद नाहीत. १९४२ मध्ये ते जिथे ठेवले होते तिथे आग लागून सगळे जळाले, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे तिथे जनगणनाच झाली नाही. त्यांचे आगीत गेले, आपले रद्दीत. त्यांना मात्र त्याचं वाईट वाटतं. आपल्याला माहीतही नाही.

स्वातंत्र्यानंतर जनगणना कायदा, १९४८ आला. त्याच्या कलम १५ प्रमाणे जनगणनेत केलेली नोंद कुणाला तपासता येत नाही आणि ती पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. हे कलम योग्य आहे. लोकांनी निर्धास्तपणे खरं सांगावं यासाठी ते हवंच. माझी तक्रार एवढीच की या बंदीला मुदत नाही. शंभर वर्षांनीसुद्धा नाही. इतर सरकारी खात्यांचे कागद अभिलेखागारात गेले की काही वर्षांनी अभ्यासकांना बघायला मिळतात. सामान्य माणसाच्या घराचा कागद मात्र कधीच नाही.

मग मी काय केलं

नातीला "मिळत नाही" एवढं सांगून गप्प बसवणं बरं वाटेना. म्हणून तीन ठिकाणी शोधलं. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिलं ठिकाण, शाळा. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथलं जुनं दाखल-खारिज रजिस्टर अजून आहे. त्यात पालकाच्या धंद्याचा रकाना असतो. आजोबांच्या नावापुढे "मिल मजुरी" लिहिलंय. आमच्या घरात अण्णांच्या लग्नाच्या वेळेपासून "गिरणीत नोकरीला होते" असंच सांगितलं जायचं, म्हणजे ऐकणाऱ्यानं कारकून समजावं. रजिस्टरानं सरळ सांगितलं.

दुसरं ठिकाण, नगर निगमची जन्म-मृत्यूची जुनी नोंद. तिथले बाबू भले होते. "बाबूजी, इतना पुराना देखने कोई आता नहीं," असं म्हणत त्यांनी कपाट उघडलं. दोन खेपा घातल्या, धुळीनं खोकला झाला, पण आजोबांच्या नावावर पाच जन्म मिळाले. आम्हाला माहीत होते तीन, अण्णा आणि दोन काका. उरलेल्या दोघांच्या नावाचा रकाना कोरा, नुसतं "मुलगी" आणि "मुलगा". मुलगी चार महिन्यांची होऊन गेली, मुलगा अकरा दिवसांत. बारसंही झालं नव्हतं त्याचं. इंग्लंडच्या १९११ च्या कागदात जो प्रश्न होता, किती झाली आणि किती गेली, त्याचं आमच्या आजीचं उत्तर मला असं पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं. आजी माझ्या समोर वारली, तोपर्यंत तिनं एकदाही उच्चार केला नव्हता.

आणि त्याच कपाटात १९५३ सालच्या मृत्यूच्या रजिस्टरात आमच्या चाळीचा पत्ता असलेली आणखी एक नोंद होती. विधवा बाई, वय सुमारे ४८, धंदा मिल मजुरी, खबर देणारा भाऊ. भावाचं नाव आमच्या आजोबांचं.

आजोबांना बहीण होती हेच आम्हा भावंडांना माहीत नव्हतं.

तिसरं ठिकाण, आपलं स्वतःचं घर. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली कागदांची पुरचुंडी होती. त्यात गिरणीचं एक जुनं तिकीट निघालं, रीळिंग खात्याचं. त्या वेळी कामगाराचं नाव, नंबर आणि खातं लिहिलेलं तिकीट मिळायचं. नाव तेच, मृत्यूच्या नोंदीतलं. मग मी धाकट्या काकूंना फोन लावला. त्या नव्वदीच्या आहेत, नागपूरला असतात. जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्या वन्सं. सासूबाईंनी सांगितलं होतं, कुणाला बोलायचं नाही म्हणून. अण्णांची मॅट्रिकची फी त्यांच्याच पगारातून गेली."

तर अशी आमची आत्याआजी. नवरा लवकर गेला, सासरी कुणी ठेवून घेईना, भावाकडे इंदूरला आली. बायका तेव्हा गिरणीत रीळिंग-वाइंडिंगच्या खात्यात काम करायच्या, सुताच्या लडी आणि गुंडे करायच्या. वीसेक वर्षं ती तिथे उभी राहिली. तिच्या पगारावर अण्णा शिकले, अण्णा शिकले म्हणून मी बी.कॉम. झालो आणि बँकेत लागलो, आणि आज माझी नात लेस्टरला आहे. आमच्या घराण्याचा पाया एका विधवा गिरणी कामगार बाईनं घातला, आणि आमच्या वंशावळीत तिच्या नावाचं टिंबसुद्धा नाही.

गप्प का बसलो

घरची बाई गिरणीत जाते हे सांगायची लाज वाटायची. अण्णांना स्थळं येऊ लागली तेव्हा तर जास्तच. मी त्या पिढीला दोष देत नाही. चाळीतून बाहेर पडायची त्यांना घाई होती, आणि त्या काळी बाहेर पडायला तेवढी किंमत मोजावी लागत होती. पण ती किंमत कुणी मोजली? जिनं फी भरली तिनंच.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्या झाल्या तेव्हा देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं याद्यांतून गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच लिहून दिलं. यातल्या बहुतेक बायका ज्या प्रांतांतल्या होत्या, त्यांत आपला त्या वेळचा मध्य भारतही होता, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरचाच मुलूख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की नाव नाही तर नोंद नाही. तेव्हा ते कठोर वाटलं असेल, पण पुढच्या खेपेला बायका नाव सांगायला लागल्या.

आपल्या महाराष्ट्रीयांत आणखी एक पंचाईत. लग्नात ताटातल्या तांदळावर बाईचं नावच बदलतं. बँकेत मी मृत खातेदारांच्या दाव्यांचं काम बरीच वर्षं पाहिलं. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. एकाच बाईला आपण तीच आहोत हे शपथपत्रावर लिहून द्यावं लागायचं. जिवंत बाईची ही गत, तर ऐंशी वर्षांपूर्वी गेलेलीची काय असेल? पंड्यांच्या आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही मुख्य वंश पुरुषांचाच चालतो. आणि गिरणी कामगार त्र्यंबकेश्वर-काशीला जाणार कधी आणि सुट्टी घेणार कुठून?

"त्याचा आता उपयोग काय?"

हा प्रश्न मला माझ्या धाकट्या भावानंच विचारला. दोन उत्तरं देतो.

एक व्यवहारातलं. इंदुरातली हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांचे पैसे अडकले ते जवळजवळ तीस वर्षं. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये मोकळे झाले. तोवर कितीतरी कामगार वारले होते. मग घरच्यांना वारस म्हणून उभं राहावं लागलं. अशा वेळी आजोबांचा कामगार नंबर, आजीचं खरं नाव, मृत्यूचा दाखला, हे कागद ज्यांच्या ट्रंकेत असतात त्यांचं काम सोपं होतं. ज्यांनी "गिरणीचं काय ठेवायचं" म्हणून रद्दीत घातलं, त्यांना हेलपाटे. गिरणी कामगाराच्या घरच्यांना भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा माहीत असेलच. कापड गिरण्या त्यात पहिल्यापासून होत्या. त्याच्या नामनिर्देशनाच्या कागदावर कुटुंबातल्या माणसांची नावं, वयं, नाती असतात. घरात तो कागद असेल तर सोन्यासारखा जपा.

दुसरं उत्तर व्यवहाराचं नाही. अनंत चतुर्दशीला आपण रात्रभर जागून गिरण्यांच्या झांक्या बघतो. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या निघतात, आणि सगळं इंदूर म्हणतं ही आमची शान. ती शान ज्यांच्या घामातून आली त्यांची नावं आपल्याच घरात घ्यायची नाहीत, हे काही बरोबर दिसत नाही. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला, त्यात गिरणी मजुरांच्या घरांचाही विचार केला. स्कॉटलंडच्या माणसाला ते दिसले, आपल्याला दिसू नयेत?

माझी मागणी

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. पुढची जनगणना जाहीर झालेली आहे. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली आणि संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात मोजली जाणार आहे, आणि माहिती कागदाऐवजी मोबाईलवर भरली जाणार आहे. म्हणजे जागेचा, वाळवीचा, रद्दीचा प्रश्न उरला नाही. ही घरोघरची माहिती शंभर वर्षं कडेकोट बंद ठेवा, आणि शंभर वर्षांनी खुली करा. एवढी एक तरतूद कायद्यात घाला.

काही जण म्हणतील, जात आहे, विधवा-घटस्फोट आहे, दत्तक आहे, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? ही भीती खोटी नाही. माहितीचा गैरवापर काय असतो ते बँकेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालासुद्धा आम्ही सांगत नसू. म्हणूनच शंभर वर्षं म्हणतो, दहा-वीस नाही. शंभर वर्षांनी त्या घरातलं क्वचितच कुणी हयात असेल. त्या वेळी ती माहिती कुणाला त्रास देणार नाही, फक्त कुण्या पणतीला सांगेल की तुझ्या घरात अमुक बाई राहत होती आणि ती कमावती होती.

आणि आपलं काम

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. गणक दारात येईल किंवा आपण स्वतः माहिती भरू, तेव्हा तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, मातृभाषा. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, असा जनगणनेचा अर्थ आहे. आपण बाहेर हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती, कोंकणी बोलतो म्हणून गणक घाईत तेच लिहून टाकेल. २०११ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी सांगितली होती. त्यात आपण होतो की नाही, ते आपल्या उत्तरावर होतं. यंदा नीट बघून मराठी लिहून घ्या.

दुसरी, बायकांचं काम. सूनबाई घरी डबे करून देते, वहिनी शिकवण्या घेते, आई पापड-कुरडया करून विकते, हे सगळं काम आहे. "काही करत नाही, घरीच असते" असं सांगू नका. आत्याआजीच्या वेळी निदान मृत्यूच्या नोंदीत कुणीतरी धंदा लिहिला. तेवढं तर आपणही लिहू.

तिसरी आणि महत्त्वाची, घरची जनगणना. एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक माणसाला एक ओळ. रकाने असे: नाव आणि बायकांची दोन्ही नावं, जन्म कुठला, इंदूरला किंवा बेळगावला किंवा हैदराबादला कधी आणि कशानं आला, कुठल्या मोहल्ल्यात राहिला, काय काम केलं, किती शिकला, मुलं किती झाली, किती गेली. शेवटी एक रकाना ठेवा: या घरात आणखी कोण राहत होतं. विधवा बहीण, शिकायला आलेला भाचा, पाळीला जोडीदार म्हणून राहिलेला गाववाला, सगळे. सरदार असतील तर तेही लिहा, मला आनंदच आहे. पण मजुरी असेल तर मजुरी लिहा. "नोकरी" लिहून झाकू नका.

वहीसाठी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, पुरुषापासून नको. पुरुषांना पदं आणि बदल्या आठवतात. कोण कुणाकडे राहत होतं आणि कुणाच्या पैशानं काय झालं, हे बायकांना आठवतं. आमच्या काकूंना आठवलं. नव्वदीची माणसं आहेत तोवर विचारून घ्या. माझ्या वयाच्या लोकांनी तर यात एक रविवारही वाया घालवू नये.

आमच्या वहीत मी आत्याआजीची ओळ आजोबांच्या बरोबरीनं लिहिली आहे. विधवा, कमावती, रीळिंग खाते, मातृभाषा मराठी. दोन कोऱ्या नावांच्या ओळीही लिहिल्या आहेत, त्या तशाच कोऱ्या ठेवल्या. नातीला वहीचे फोटो पाठवले. तिनं तिच्या शेजारच्या आजोबांना दाखवले म्हणे. त्यांना मराठी अक्षर एक वाचता येत नाही, पण कोऱ्या दोन रकान्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ही लहान मुलं का? तेवढं त्यांना बरोबर कळलं.